मांजराची पाठ आणि हाडवैद्याचा हात

आमची मनी गेलीं बारा वर्षें माजघरांतल्या फडताळावर झेप घेऊन निजत असे. गेल्या दिवाळीपासून ती फडताळाखालीं येऊन नुसती वर पाही आणि मुकाट्यानें खालींच अंग टाकी. कमरेवरचे केसही चाटण्यावांचून गुंतूं लागले. ‘म्हातारी झाली’ असें म्हणून आम्हीं वडील मंडळींनीं तो विषय संपविला. नातवानें मात्र मोबाईलवर मला एक अमेरिकन गृहस्थ दाखविला. तो मांजराच्या मणक्यांवर बोटांनीं झटके देत होता. “आजोबा, आपल्या हाडवैद्याकडून मनीलाही असेंच करवूं या,” तो म्हणाला.

या उपचारास कायरोप्रॅक्टिक म्हणतात. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ ‘हातानें केलेली क्रिया’ एवढाच. १८९५ सालीं अमेरिकेंतील आयोवा प्रांतीं, डॅव्हनपोर्ट गांवीं डॅनिएल डेव्हिड पामर यानें हार्वे लिलार्ड नामक बहिऱ्या मनुष्याचा मणका सारला व त्यास ऐकूं येऊं लागलें असें जाहीर केलें. तेथून हा पंथ निघाला. श्रवणाचा ज्ञानतंतु पाठीच्या कण्यांतून जात नाहीं, कानांतून थेट मेंदूंत जातो. पण एवढ्यानें पंथ थांबत नसतात. हल्लीं तिकडे कांहीं पशुवैद्यही घोड्यांवर, कुत्र्यांवर व मांजरांवर हा प्रयोग करतात. मांजरांना त्याचा गुण येतो असें दाखविणारा भक्कम पुरावा मात्र अद्याप नाहीं.

मांजराच्या मानेंत ७, पाठींत १३ व कमरेंत ७ मणके असून ते फार सैल जोडलेले असतात. जत्रु, म्हणजे गळ्याखालचें हाड, तर केवळ स्नायूंत तरंगत असतें; म्हणूनच डोकें शिरेल त्या फटींतून मांजर अंग काढून घेतें. असा देह ‘जागेवरून सरकला’ हें बोटांनीं चांचपून कोण ठरविणार? २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत १०० मांजरांचीं क्ष-किरण चित्रें घेतलीं, तेव्हां ९२ मांजरांच्या सांध्यांत वा कण्यांत झीज आढळली. हें दुखणें मांजर ओरडून सांगत नाहीं. तें उडी मारणें सोडतें.

आतां मला सांगावयाचें तें हें. अठरा वर्षांपूर्वीं आमच्या बोक्याचे मागचे पाय एकाएकीं लुळे पडले. पाय गार लागत होते, तो आक्रोश करीत होता. पाठ लचकली असें समजून मींच तेल देऊन त्याची पाठ चोळविली. दुसऱ्या दिवशीं तो गेला. अशा वेळीं दोष बहुधा पाठीचा नसून हृदयाचा असतो. हृदयांतली रक्ताची गुठळी महाधमनीच्या शेवटच्या फांट्याशीं अडकते, हें मला पुढें कळलें. तेथें घटकाही दवडतां कामा नये; तडक पशुवैद्य गांठावा.

मनीसही पशुवैद्याकडेच नेलें. कंबरेच्या सांध्यांत झीज निघाली. त्यांनीं वजन उतरविण्यास सांगितलें व मोजून औषध दिलें. घरांतली तापाची गोळी अर्धी कुटून द्यावी, असा सौभाग्यवतींचा विचार होता. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेंही मांजर दगावूं शकतें, हें ऐकून त्यांनीं डबाच कुलुपांत ठेवला.

नातवानें फडताळाखालीं दोन खोके पायऱ्यांसारखे मांडले आहेत. मनी पहिल्यावर थांबते, दुसऱ्यावर पुन्हा थांबते, आणि मग वर जाते.