शाळेच्या पाण्याच्या टाकीची तपासणी व निगा

आपल्या लोहारा तालुक्याच्या परिसरात पाण्याची ओढ नवीन नाही. २०१६ च्या एप्रिल महिन्यात शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे बहुतेक शिक्षकबंधुभगिनींच्या स्मरणात असेल. अशा मुलखात शाळेच्या टाकीतून रात्रभर ठिबकून गेलेले पाणी म्हणजे दुसऱ्या दिवशी तहानलेली मुले होत. तथापि टाकी एकदा बसविली की तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही, असाच सर्वत्र अनुभव आहे.

प्रस्तुत लेखकही या दोषापासून मुक्त नाही. काही वर्षांपूर्वी एका शाळेस भेट देऊन मी शेरेबुकात 'पाण्याची सोय आहे' असे लिहिले. टाकी भरलेली होती, नळास पाणी येत होते. वर चढून पाहण्याची तसदी मी घेतली नाही. थोड्याच दिवसांनी ती टाकी तळाशी फाटून खाली कोसळली. तास चालू असल्याने नळापाशी एकही मूल नव्हते, एवढेच आमचे सुदैव. पुढे चौकशीत आढळले की, चौथऱ्याऐवजी दगड रचून त्यावर टाकी ठेवलेली होती आणि तोटीजवळची चीर लांबी भरून तीन वेळा बुजविली होती.

एक हजार लिटर पाण्याचे वजन एक हजार किलो, म्हणजे दहा क्विंटल भरते. प्लास्टिकच्या टाकीचा तळ हे ओझे स्वतः पेलत नाही, तो ते खालच्या चौथऱ्यावर सोपवितो. म्हणून संपूर्ण तळास सपाट आधार हवा. एखादा खडा जरी खाली राहिला, तरी सारा भार त्या बिंदूवर येऊन तेथेच चीर पडते. आपल्या काळ्या जमिनीचा स्वभाव येथे ध्यानात घ्यावा लागतो. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया उथळ असल्यास चौथरा हळूहळू कलतो. गवंड्याची पाण्याची नळी लावून वर्षातून दोनदा, मे महिन्यात व पावसाळा संपल्यावर, चौथऱ्याची पातळी पाहावी. कल दिसल्यास टाकी रिकामी ठेवून ग्रामपंचायतीस लेखी कळवावे.

त्यानंतर नळजोड पाहावा. भिंतीतून नळ जेथे बाहेर पडतो तेथील भाग कोरड्या फडक्याने पुसून त्यावर खडूची पूड चोळावी. बारीक पाझरही ओल्या डागाने लगेच उघडा पडतो. नळाचे वजन टाकीच्या भिंतीवर लोंबकळत ठेवू नये, त्यास भिंतीशी पकड द्यावी.

काळ्या टाकीचा काळेपणा शोभेसाठी नसतो. पोलिइथिलीनमध्ये मिसळलेली काजळी उन्हातील अतिनील किरण अडविते. तरीही वर्षानुवर्षांच्या उन्हाने पृष्ठभाग निस्तेज होतो, हाताला पूड लागते, झाकणाच्या कडा ठिसूळ होतात. असे दिसू लागले की टाकीचे आयुष्य उताराला लागले असे समजावे. पोलिइथिलीनला लांबी किंवा गोंद धरत नाही. कुशल कारागिराने उष्णतेने सांधल्यासच जोड टिकतो, आणि तळाची चीर असेल तर टाकी बदलणेच शहाणपणाचे. फायबरच्या टाकीची गोष्ट निराळी. काचेचे धागे राळेत बसवून ती घडविलेली असते. वरचा गुळगुळीत थर झिजला की धागे उघडे पडतात, हात फिरविल्यास खाज सुटते. ती मात्र पूर्ण वाळवून, घासून, राळ व काचतंतूंचे कापड चढवून दुरुस्त करता येते.

झाकण घट्ट व अखंड असावे. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्यातून पंखापर्यंत वाढतो, हे ध्यानात ठेवून बाहेर सांडणाऱ्या पाण्याच्या नळासही बारीक जाळी बांधावी. पांढऱ्या टाकीच्या भिंतीतून उजेड आत जात असेल तर शेवाळ धरते. तिच्यावर सावली करावी.

साफसफाईसाठी लांब दांड्याचा मऊ ब्रश वापरावा. तारेच्या घासणीने ओरखडे पडतात व त्यांत बुळबुळीत थर घर करतो. धुतल्यावर टाकी भरून प्रत्येक हजार लिटरमागे ताजी ब्लीचिंग पावडर दीडशे ग्रॅम बादलीत कालवावी, चुना तळाशी बसू द्यावा, वरचे निवळलेले पाणी तेवढे टाकीत ओतावे. नळांतूनही ते पाणी काढून रात्रभर तसेच ठेवावे व मग सारे सोडून द्यावे. हे काम शनिवारी शाळा सुटल्यावर करावे आणि नळांवर 'पिऊ नये' अशी पाटी लावावी. नित्याच्या पाण्यात पावडर घातल्यानंतर अर्ध्या तासाने नळाशी लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन आढळले पाहिजे.

तोंड अरुंद म्हणून एखाद्या किरकोळ अंगाच्या मुलास आत उतरविण्याची प्रथा मी डोळ्यांनी पाहिली आहे. ती तत्काळ बंद व्हावी. बंद टाकीत हवा कोंदलेली असते आणि ब्लीचिंगच्या वासाने प्रौढ माणसासही घेरी येते. प्रौढानेही उतरणे अटळ असेल, तर झाकण बराच वेळ उघडे ठेवून व बाहेर दुसरा माणूस उभा करूनच उतरावे.

टाकी बसविल्याचे वर्ष, क्षमता आणि प्रत्येक तपासणीची तारीख जडसंग्रह नोंदवहीत लिहावी. पुढील भेटीत शेरेबुक मागण्यापूर्वी मी ती नोंद पाहीन, आणि शिडीही मागेन.