सह्याद्रीचा धाकटा कातळ

हिंदी महासागरात मॉरिशसच्या शेजारी असलेल्या रियुनियन या फ्रेंच बेटावर बहुतेक पर्यटक पश्चिम किनाऱ्याला जातात. तिथे प्रवाळांनी अडवलेलं शांत पाणी आणि पांढरी वाळू आहे. आग्नेयेच्या साँ-फिलीप गावाकडे यातलं काही नाही. काळा कडा, त्यावर आपटणाऱ्या लाटा आणि कड्याच्या काठाने जाणारी पायवाट, एवढंच. दिवसभराच्या भटकंतीसाठी मी मात्र हीच बाजू सुचवेन.

या वाटेवर प्युई आराब नावाच्या ठिकाणापाशी केवड्याच्या जातभाईंचं दाट बन लागतं. खोडापासून फुटलेली आधारमुळं कातळात रोवून ही झाडं खाऱ्या वाऱ्याला तोंड देतात. बन संपलं की उघडा कातळ सुरू होतो. हे टोक म्हणजे प्वांत द ला ताब्ल. मार्च 1986 च्या आधी इथल्या बऱ्याच भागात समुद्र होता. पितों द ला फुर्नेझ हा जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक. त्याचा लाव्हा एरवी माथ्याभोवतीच्या विस्तीर्ण घळीतच राहतो. त्या वर्षी मात्र घळीबाहेर, उतारावर भेगा पडल्या, लाव्हा वस्तीत शिरला, काही घरं जळाली आणि बेटाला पंचवीस-तीस हेक्टर नवी जमीन मिळाली.

चालताना नजर पायाखाली ठेवावी लागते, कारण पडलं तर कातळाच्या कडा हात कापतात. पण पाहण्यासारखंही तिथेच आहे. अकराशे अंश सेल्सियसच्या आसपास तापलेल्या लाव्हाचा वरचा थर आधी थिजतो, आतला रस वाहतच राहतो. मग तापत्या दुधावरच्या सायीसारख्या वरच्या पापुद्र्याला सुरकुत्या पडतात. त्या इथे जशाच्या तशा आहेत. काही ठिकाणी लाव्हाने वेढलेली झाडं जळून गेली आणि खोडाच्या जागी दगडात पोकळ नळ्या राहिल्या.

हा दगड मराठी माणसाच्या ओळखीचा आहे. 6.6 कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड ज्या हॉटस्पॉटवरून, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून तप्त रस वर येणाऱ्या जागेवरून, सरकत होता, तोच आज रियुनियनखाली आहे, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भूखंड उत्तरेला गेला आणि वाटेत लक्षद्वीप-मालदीवखालची डोंगररांग, मग मॉरिशस, मग रियुनियन अशी माळ मागे राहिली. सह्याद्रीच्या पायऱ्या म्हणजे एकावर एक थिजलेले असेच प्रवाह. फरक वयाचा. इथल्या दगडातले वायूचे बुडबुडे अजून रिकामे आहेत. आपल्याकडे झिरपत्या पाण्याने कोट्यवधी वर्षांत त्यांत स्फटिक भरले. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतला निळा कॅव्हनसाइट असाच पोकळ्यांत वाढलेला.

1986 च्या कातळाकडून शेजारच्या जुन्या प्रवाहांकडे गेलं की दगडाचं वय झाडोऱ्यावरून ओळखता येतं. आधी राखाडी दगडफूल येतं. त्यातले सूक्ष्मजीव हवेतला नायट्रोजन बांधून घेतात, म्हणून मातीचा कणही नसताना ते तग धरतं. मग भेगांत नेचे, नंतर झुडपं. ही बाजू वाऱ्यासमोरची, पाऊस बेसुमार. बेटाच्या डोंगराळ भागात 1966 साली चोवीस तासांत 1,825 मिलिमीटर पाऊस पडला होता, तो विक्रम अजून मोडलेला नाही. एवढं पाणी असल्यामुळेच हिरवाई इतक्या लवकर चढते.

पुढचा टप्पा मात्र अडला आहे. मोठ्या फळांची रानझाडं नव्या कातळावर पोहोचायची ती फळं गिळून हिंडणाऱ्या महाकाय कासवांच्या आणि वटवाघळांच्या पोटातून. सतराव्या शतकापासून माणसं वस्तीला आली, त्यांनी कासवं खाऊन संपवली. फळं खाणारी वटवाघळंही नाहीशी झाली. वटवाघळं अलीकडे थोडीफार परतली आहेत, कासवांची ती जात कायमची गेली. रिकाम्या जागेत बाहेरून आणलेला लाल पेरू घुसतो, कारण त्याच्या बारीक बिया कोणताही लहानसा पक्षी नेतो. माणसं येण्याआधीच्या प्रवाहांवर जसं रान उभं राहिलं, तसं 1986 च्या कातळावर आपसूक उभं राहील ही आशा मला भाबडी वाटते. त्या झाडांच्या बिया आता माणसालाच नेऊन टाकाव्या लागतील, आणि पेरूही माणसालाच उपटावा लागेल.