तिथीच्या हिशेबानं

अर्नाळ्याहून किनाऱ्यानं वसईच्या किल्ल्यापर्यंतची वाट आमच्या भटक्या मंडळींनी पहिल्यांदा धरली, तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यातच होता. पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. अंतराची धास्ती कुणालाच नव्हती. खरी परीक्षा पाण्याची. भरती चढली की राजोडी, कळंब, भुईगाव, रानगाव या पट्ट्यात काठ सोडून गावातला रस्ता धरावा लागतो.

हिशेब शिकवला तो अर्नाळ्याच्या एका कोळी काकांनी. तिथीची पाऊणपट करायची, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी. अष्टमीला पहाटे सहाला भरती, बाराच्या सुमारास पाणी उतरलेलं. तेव्हापासून सहल ठरते ती अष्टमी-नवमीला लागून येणारा रविवार बघून. भांगाचे दिवस असल्यानं समुद्र फार मागे हटत नाही, पण आठ ते दोन चालायला पुरतं.

खडकांवर पाय कुठे टाकायचा, हे कालवं काढणाऱ्या बायकांकडून कळलं. हिरवं शेवाळ दिसलं की टाळायचं. कालवांनी खरखरीत झालेला दगड पाय धरून ठेवतो. मात्र तिथे हात टेकला की कापलाच.

मराठ्यांनी अर्नाळा घेतला १७३७ मध्ये आणि चिमाजी अप्पांनी वसई जिंकली १७३९ च्या मे महिन्यात. आमची वाटही त्याच क्रमानं जाते, याचं मला दर खेपेला अप्रूप वाटतं.

या वर्षांत सोयी वाढल्या. फेब्रुवारी २०२४ पासून वसई-भाईंदर रो-रो सुरू झाली, भाईंदरकडची मंडळी खाडी ओलांडून घरी जातात. किनारा मात्र आक्रसत चाललाय. सुरूच्या ज्या सावलीत आम्ही डबे सोडायचो, तिथे आता उधाणाचं पाणी येतं. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळाला एकट्याला दोष देऊन चालणार नाही. वैतरणेच्या खाडीतून आणि किनाऱ्यावरून वर्षानुवर्षं चोरून रेती उपसली, तर लाटांपुढे टिकायचं काय? दगडी बंधाऱ्यांनी घरं वाचतात, ती वाचायलाच हवीत; पण बंधाऱ्यापुढची वाळू बहुधा जातेच.

गटातली तरुण मुलं दर सहलीला रानगावच्या एकाच जागेवरून सुरूच्या रांगेचा फोटो काढतात. जुन्या फोटोत रांगेपुढे वाळूचा रुंद पट्टा आहे. अलीकडच्या फोटोत पुढची झाडं आडवी पडलीत, मुळं उघडी. हे सगळे फोटो तारीख आणि तिथी टाकून महापालिकेकडे द्यायचं आम्ही ठरवलंय.