परसांतील गोल झुकिनी

पुण्याच्या गुलटेकडीच्या बाजारांत झुकिनी नांवाची, काकडीसारखी लांबट हिरवी भाजी आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिली असेल. तिचीच एक गोल फळाची जात आहे. ही जात पेरल्यापासून सुमारें ४५ ते ५० दिवसांत तोडणीस येते, तिचा वेल पसरत नाहीं, आणि चार-सहा झाडांवर एका कुटुंबास आठवड्यांतून दोन-तीन वेळां पुरेल इतकी भाजी मिळते. या गुणांमुळें शिरूर व दौंड तालुक्यांतील शेतकऱ्यांनीं परसांत तिला जागा द्यावी असें आम्हांस वाटतें. मात्र हिचें उत्पन्न खताच्या टोपल्यांपेक्षां दोन वेळा सांभाळण्यावर अधिक अवलंबून आहे. पहिली वेळ फूल उमलण्याच्या सकाळची, व दुसरी फळ तोडण्याच्या दिवसाची. या दोन वेळा चुकल्या म्हणजे उत्तम बीं व भरपूर खत असूनहि झाड रिकामें राहतें, आणि दोष मात्र बियाच्या माथीं जातो. म्हणून लागवडीची माहिती देतांना या दोन गोष्टींचा विचार आम्हीं विशेष विस्तारानें केला आहे.

झाडाची ओळख :— झुकिनी ही भोपळ्याच्या कुळांतील असून तिचें मूळ स्थान अमेरिका खंड होय. कोलंबसाच्या १४९२ सालच्या सफरीनंतर हें कूळ युरोपांत गेलें, आणि कोंवळेपणींच खाण्याजोग्या या जाती पुढें इटलींत तयार झाल्या. इटालियन भाषेंत 'झुक्का' म्हणजे भोपळा व 'झुकिनी' म्हणजे लहानगे भोपळे. गोल जातींपैकीं 'राँद द नीस' ही फ्रान्समधील नीस शहराच्या नांवाची, फिकट हिरव्या रंगाची जुनी सरळ जात आहे. 'एट बॉल' ही गर्द हिरवी असून संकरित आहे. आपल्याकडील ढेमसें दिसण्यांत हिच्यासारखेंच. परंतु ढेमशाची जात निराळी, व त्याचा वेल जमिनीवर धांवतो. झुकिनीचें झाड झुडपाप्रमाणें एकाच ठिकाणीं उभें राहतें व त्यास तीन फूट जागा पुरते. हिच्या पानांवर कित्येकदां रुपेरी ठिपके असतात. ते जातीचेच होत. भुरी समजून त्यांवर औषध मारूं नये.

जमीन व हंगाम :— हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत येतात. पाऊस थोडा, हवा कोरडी व ऊन भरपूर, ही स्थिति भोपळावर्गास मानवते. कारण पानांवरचे बुरशीचे रोग दमट हवेंत बळावतात. पाबळ, कान्हूर मेसाईकडील हलक्या मुरमाड जमिनींत निचऱ्याची काळजी नाहीं, पण शेणखत अधिक घालावें लागतें. मांडवगण फराट्याकडील किंवा भीमाकांठच्या काळ्या जमिनींत मात्र आळें खोलगट न करतां वीतभर उंच वरंब्यावर करावें. पाणी मुळाशीं तुंबलें तर रोप कुजतें.

पेरणीचे दोन काळ चांगले. पहिला दिवाळीच्या सुमारास, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. व दुसरा संक्रांतीनंतर फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. याहून उशीर करूं नये. उष्णता वाढून दिवस मोठा झाला म्हणजे या झाडास नर फुलें अधिक व मादी फुलें कमी येतात. एप्रिलच्या उन्हांत झाड पिवळ्या फुलांनीं भरलेलें दिसतें, पण फळ सांपडत नाहीं, त्याचें मुख्य कारण हेंच.

पेरणी व पाणी :— तीन-तीन फुटांवर आळीं करून प्रत्येकांत दोन टोपल्या चांगलें कुजलेलें शेणखत व मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. दर आळ्यांत दोन बिया एक इंच खोल लावाव्या व रोपें दुपानी झालीं म्हणजे त्यांतील जोमदार तेवढें ठेवावें. निदान चार झाडें एकाच दिवशीं लावावीं. एकट्या झाडावर नर व मादी फूल एकाच सकाळीं उमलेलच असें नसतें. चार झाडांत ती जोडी बहुधा जमते. पाणी मुळाशीं द्यावें, पानांवर शिंपूं नये. थंडींत दर दोन-तीन दिवसांनीं प्रत्येक आळ्यास एक हंडा पाणी पुरे होतें. दौंडकडे ज्याची वाण नाहीं असें उसाचें पाचट आळ्याभोंवतीं चार बोटें जाड पसरावें. ओल टिकते, तण दबतें व फळ मातीस टेकत नाहीं. मोरीचें पाणी दिल्यास तें साबणाचें नसावें.

फूल उमलण्याची सकाळ :— या झाडावर नर व मादी फुलें वेगवेगळीं येतात. नर फूल लांब बारीक देंठावर असतें. मादी फुलाच्या खालीं सुपारीएवढें गोल फळ आधींच दिसतें. बहुधा पहिले कांहीं दिवस नुसतीं नर फुलें येतात, त्यानें घाबरूं नये. मादी फूल पहाटे उमलतें व ऊन चढलें कीं मिटतें. त्याचें आयुष्य एवढ्या एका सकाळचें. पराग चिकट व जड असल्यामुळें तो वाऱ्यानें जात नाहीं. मधमाशीनेंच न्यावा लागतो. माशी आली नाहीं तर खालचें बाळफळ टोंकाकडून पिवळें पडून चार दिवसांत गळतें. पुष्कळांस हा रोग वाटतो व ते औषध मारतात. त्यानें उरलेल्या माशाहि मरतात व गळ आणखी वाढते.

आपल्याकडे सातेरी, फुलोरी व आग्या या माशा हें काम करतात. मधमाशांच्या अभ्यासाकरितां व शिक्षणाकरितां पुण्यांत १९६२ सालीं केंद्रीय संस्था स्थापन झाली, यावरून या प्रश्नाचें महत्त्व ध्यानांत येईल. ज्या शिवारांत सारखी फवारणी चालते तेथें परसांत माशी कमीच दिसते. अशा ठिकाणीं हें काम हातानें करावें. सकाळीं सात-आठच्या सुमारास ताजें नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्या व आंतील परागाचा दांडा मादी फुलाच्या मध्यभागीं हलके फिरवावा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांस पुरतें. चार झाडांस या कामीं पांच मिनिटें लागतात. शेजारच्या पिकावर फवारणी करणें भागच असेल तर ती सायंकाळीं करावी.

तोडणीचा दिवस :— फूल फळल्यापासून थंडींत सहा-सात दिवसांत व उन्हांत चार-पांच दिवसांत फळ मोसंब्याएवढें होतें. तोच तोडणीचा दिवस. नख सहज रुततें, बीं बनलेलें नसतें व साल काढावी लागत नाहीं. चाकूनें इंचभर देंठ ठेवून कापावें. पिळून ओढल्यास खोड फाटतें. यापुढें फळ वाढतच राहतें, साल निबर होते व आंत बीं धरतें. झाडाचें सर्व बळ त्या बियाकडे जातें व नवीं मादी फुलें थांबतात. पानाआड एक फळ विसरलें तर पुढच्या आठवड्याची भाजी गेली असें समजावें. कांदा काढणी किंवा ऊसतोड चालू असतां घरचीं माणसें रानांत असतात व परसाकडे लक्ष राहत नाहीं; म्हणून हें काम घरांतील एकाच माणसाकडे सोंपवावें व दिवसाआड पानें उचलून पाहण्याचा नेम ठेवावा. हात फिरे तेथें लक्ष्मी वसे, ही म्हण या झाडास तंतोतंत लागू पडते. एका झाडाचा बहर साधारण दीड महिना टिकतो. म्हणून हंगाम असेपर्यंत तीन-तीन आठवड्यांनीं दोन नवीं आळीं लावावीं.

कीड व रोग :— रोप दुपानी असतां लाल भुंगेरे पानें खातात. सकाळच्या गारव्यांत ते सुस्त असतात, तेव्हां हातानें वेंचावे. फळमाशीनें डंख केलेलीं फळें परसांत टाकूं नयेत, दीड-दोन फूट खोल पुरावीं. नर माशा पकडण्यास क्यूल्यूरचा सांपळा टांगावा. भुरी आल्यास जुनीं पानें काढावीं. गंधकाची भुकटी या वर्गाच्या पानांस उन्हांत भाजते, म्हणून ती वापरूं नये. पानें आकसून फळांवर गांठी येऊं लागल्या तर तो मावा पसरवितो तो विषाणुरोग होय. त्यास उपाय नाहीं. झाड उपटून टाकावें.

कडू फळाविषयीं इशारा :— चव कडू लागली तर तें फळ कदापि खाऊं नये. कडवटपणा ज्या द्रव्यामुळें येतो तें विषारी असून शिजविल्यानें नाहींसें होत नाहीं. २०१५ सालीं जर्मनींतील हायडेनहाइम येथें परसांतील कडू झुकिनी खाल्ल्यानें एका वृद्ध गृहस्थाचा मृत्यु झाला. कडू दुधीबद्दल जी सावधगिरी आपण बाळगतों तीच येथें बाळगावी. शिजविण्यापूर्वीं कच्चा तुकडा जिभेवर ठेवून पाहावा व कडू लागल्यास थुंकून टाकावा. असा कडवटपणा याच जातीच्या शोभेच्या किंवा रानटी भोपळ्याशीं संकर झालेल्या बियांतून उतरूं शकतो. म्हणून संकरित वाणाचें बीं घरीं धरूं नये. सरळ वाणाचें धरावयाचें असल्यास उमलण्याच्या आदल्या सायंकाळीं नर व मादी दोन्हीं कळ्या दोऱ्यानें बांधाव्या, सकाळीं हातानें फळवून मादी फूल पुन्हां बांधावें, व तें फळ झाडावर पूर्ण निबर होऊं द्यावें. त्यासाठीं एक झाड वेगळें ठेवावें.

उपयोग व बाजार :— गोल आकार भरलेल्या भाजीस सोईचा आहे. वरची चकती कापून गर कोरावा व शेंगदाणे, तीळ व काळा मसाला भरून भरल्या वांग्याप्रमाणें शिजवावी. गर थालीपिठांत जातो व जास्तीच्या नर फुलांचीं भजीं होतात.

शहरांत भाव मिळतो हें ऐकून कित्येकांस एकदम अर्धा एकर लावण्याचा मोह होईल. त्यांनीं एवढा हिशेब आधीं करावा. घरीं चार झाडांची तोड दिवसाआड करावी लागते, ती अर्ध्या एकरांत दोन हजारांहून अधिक झाडांची करावी लागेल. साल नाजूक असल्यानें फळ लवकर खरचटतें, आणि दोन दिवस मजूर मिळाले नाहींत तर माल मोठा होऊन गिऱ्हाईक त्यास हात लावीत नाहीं. हें काम आपल्या घरास झेपतें कीं नाहीं, याची परीक्षा परसांत बिनखर्चानें होते.

तेव्हां येत्या दिवाळीस चार आळीं करून पाहावीं. वहींत पेरणीची, पहिल्या मादी फुलाची व पहिल्या तोडीची तारीख लिहावी, आणि पुढें प्रत्येक तोडीचें वजन मांडावें. हंगामाअखेर तोच हिशेब पुढील वर्षीं किती आळीं करावीं हें सांगेल.