आईचं करणारी मुलं

मराठीत शुश्रूषेसाठी एक साधं क्रियापद आहे: करणं. 'तिने सासूचं शेवटपर्यंत केलं', 'आईचं सगळं तोच करतो', 'म्हातारपणी माझं कोण करणार?' नेमकं काय केलं ते सांगावं लागत नाही. अंघोळ, औषधं, बेडपॅन, रात्री चारदा उठणं, चिडचीड सोसणं हे सगळं त्या एका शब्दात ऐकणाऱ्याला कळतं. करणारा बारा वर्षांचा असेल तर आपण वर एक विशेषण ठेवून देतो: 'पोर गुणी आहे हो.' मग चहा येतो आणि विषय बदलतो.

हा विषय बदलू नये म्हणून एका माणसाने तीस वर्षं खर्ची घातली. त्यांचं नाव सॉल बेकर. ब्रिटनमधले समाजधोरणाचे अभ्यासक. आजारी किंवा अपंग आईबापांचं, भावंडांचं, आजीआजोबांचं करणाऱ्या मुलांना इंग्रजीत 'यंग केअरर' म्हणतात. हा शब्द सरकारी कायद्यात, शाळेच्या नोंदवहीत आणि जगभरच्या संशोधनात रुजला, त्यात बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा वाटा फार मोठा आहे. त्यांची कारकीर्द म्हणजे एका क्रियापदाचं नाम होण्याची गोष्ट आहे. नाम झालं की मोजता येतं, मागता येतं, कायद्यात लिहिता येतं. पण नाम चिकटतंही. या गोष्टीला दोन्ही बाजू आहेत.

बेकर या मुलांकडे आले ते गरिबीच्या वाटेने. १९८८ साली स्ट्युअर्ट मॅकफर्सन यांच्यासोबत त्यांनी 'पब्लिक इश्यूज, प्रायव्हेट पेन' हा ग्रंथ सिद्ध केला. विषय होता गरिबी, समाजकार्य आणि सरकारी धोरण. घरातलं दुखणं घरापुरतं राहत नाही, त्याची मुळं धोरणात असतात, हे त्या नावातच आहे. पुढचं सगळं काम याच सूत्राचा विस्तार म्हणून वाचता येतं. दुखणं तेच राहिलं, फक्त ते वाहणारा माणूस वयाने लहान निघाला.

त्याच सुमारास इंग्लंडमधल्या टेमसाइड आणि सँडवेल या भागांत अशा मुलांची मोजणी करण्याचे पहिले प्रयत्न झाले होते. शाळांकडे चौकशी करायची, मिळालेल्या आकड्यावरून देशाचा अंदाज बांधायचा, अशी रीत. त्यातून दहा हजारांचा आकडा निघाला आणि तो लेखांमधून फिरत राहिला. या मुलांचा दिवस कसा जातो, हे मात्र त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

१९९२ साली लफबरो विद्यापीठात यंग केअरर्स रिसर्च ग्रुप सुरू झाला. बेकर यांच्याबरोबर जो ऑल्ड्रिज होत्या, पुढे ख्रिस डिअर्डन आल्या. पहिला अभ्यास नॉटिंगहॅम शहरातला, आणि तो अवघ्या पंधरा जणांचा. काही त्या वेळी करत होते, काहींनी लहानपणी केलं होतं. १९९३ साली तो 'चिल्ड्रन हू केअर' या नावाने प्रसिद्ध झाला. पंधरा मुलाखतींवर देशाचं धोरण हलतं का, असं कुणी म्हणेल. पण हजार रकाने भरून जे कळत नाही ते कधीकधी स्वयंपाकघराच्या टेबलापाशी बसून कळतं.

काय कळलं? पहिलं म्हणजे, मुलं ठरवून या कामात पडत नाहीत. घरात जो असतो त्याच्यावर येतं. वडील निघून गेलेले असतात, मोठी बहीण लग्न होऊन गेलेली असते, मागे उरतो तो 'करणारा' होतो. आणि एकदा झाला की बाकीचे हळूच सुटतात. दुसरं, घरी डॉक्टर येतात, नर्स येते, समाजसेवक येतो. सगळे मुलाच्या डोक्यावरून आईशी बोलतात. रात्रभर जे जागं असतं त्याला आजाराचं नाव कुणी सांगत नाही. तिसरं आणि सगळ्यांत जिव्हारी लागणारं म्हणजे गप्प राहणं. बाहेर कळलं तर आपल्याला उचलून बालगृहात नेतील, आई एकटी पडेल, ही भीती. मदत करणारी यंत्रणाच धाक वाटावी अशी, म्हणून मुलं आणि पालक मिळून घराची दारं लावून घेतात. त्याच वर्षीच्या एका लेखात ऑल्ड्रिज आणि बेकर यांनी म्हटलं की सेवा करण्याबद्दल या मुलांना जणू शिक्षाच होते आहे. शाळा बुडते, मैत्री सुटते, पुढे नोकरीत मागे पडतात.

यानंतर गाडी वेगाने धावली. १९९५ साली खासदार माल्कम विक्स यांनी खासगी विधेयक आणलं आणि करणाऱ्यांची दखल घेणारा पहिला ब्रिटिश कायदा झाला. वयाची अट नसल्याने मुलांनाही त्यात जागा मिळाली. देशभर या मुलांसाठी छोटे प्रकल्प उभे राहू लागले. संध्याकाळी जमायची जागा, सहल, बोलायला कुणीतरी. लफबरोच्या गटाने या प्रकल्पांत येणाऱ्या मुलांची तीनदा पाहणी केली. १९९५ च्या अहवालात ६४१ मुलं, १९९८ च्या अहवालात २,३०३ आणि २००४ च्या अहवालात ६,१७८. तिन्ही वेळा सरासरी वय बाराच्या आसपास. निम्म्याहून अधिक घरं एकाच पालकाची, आणि ज्यांचं केलं जातं त्यांत आया सर्वाधिक. माध्यमिक शाळेच्या वयातल्या ज्या मुलांचं शिक्षण अडलं होतं त्यांचं प्रमाण पहिल्या अहवालात ४२ टक्के होतं, तिसऱ्यात २७ वर आलं. अर्थात ही मुलं आधीच कुणाच्या तरी नजरेत आलेली होती. दारं लावून बसलेली या आकड्यांत नाहीत.

याच काळात बेकर यांच्या कामावर सगळ्यांत धारदार टीका झाली, आणि माझ्या मते या कारकिर्दीचा सगळ्यांत मोलाचा धडा तिथेच आहे. १९९५ साली लोइस कीथ आणि जेनी मॉरिस या दोन लेखिकांनी अपंगांच्या हक्कांच्या बाजूने लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं: चाकाच्या खुर्चीत बसलेली बाई आईच असते. ती मुलाला वाढवते, रागावते, अभ्यास घेते. तिच्या मुलाला तुम्ही 'करणारा' म्हटलंत की ती आपोआप 'करून घेणारी' होते, तिच्याच लेकराच्या माथ्यावरचं ओझं. सरकारने तिला घरकामाला माणूस दिला असता, रुंद दाराचं घर दिलं असतं, तर मुलाला काही करावंच लागलं नसतं. ते द्यायचं सोडून मुलांच्या सहलींवर पैसे खर्च करणं म्हणजे रोग सोडून लक्षणावर मलम.

ही टीका सहज झटकण्यासारखी नव्हती. वर्तमानपत्रांनी तोवर 'बालपण हरवलेल्या लहानग्यांच्या' करुणकथा रंगवायला सुरुवात केली होती, आणि त्या कथांत आई हे पात्र पलंगावर निपचित पडून असायचं. बेकर आणि ऑल्ड्रिज यांनी १९९६ मध्ये उत्तर दिलं. एकाचा हक्क मान्य केला की दुसऱ्याचा कमी होतो असा हा हिशोब नाही, आणि समाज अपंगांना न्याय देईपर्यंत मुलांनी थांबायचं का, असा त्यांचा प्रतिप्रश्न होता. आईबापांची बाजू समजून घेणारं पुस्तक त्यांनी १९९४ मध्येच काढलं होतं, हेही नोंदवायला हवं. वाद कुणी जिंकला नाही. पण पुढच्या लिखाणात 'मूल' या शब्दाच्या जागी 'मूल आणि त्याचं कुटुंब' येऊ लागलं. २०१४ च्या कायद्याने इंग्लंडच्या स्थानिक प्रशासनावर अशा मुलांच्या गरजा आपणहून तपासण्याची जबाबदारी टाकली. या तपासणीत घरातल्या मोठ्या माणसाला पुरेशी मदत मिळते आहे का, मिळाली तर मुलाचं काम कमी होईल का, हेही बघणं आलं. टीकाकारांचा मुद्दा वीस वर्षांनी नियमात उतरला. संशोधकाचं मोठेपण मोजायचं तर कुणाचं म्हणणं त्याने आपल्या कामात शिरू दिलं, हीही एक मोजपट्टी असावी.

बेकर पुढे बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅम, ससेक्स अशा विद्यापीठांत गेले. नॉटिंगहॅममध्ये मानसशास्त्रज्ञ स्टीफन जोसेफ आणि फिओना बेकर यांच्यासोबत त्यांनी २००९ साली दोन प्रश्नावल्या तयार केल्या. पहिलीत अठरा प्रश्न. गेल्या महिन्यात तू स्वयंपाक-साफसफाई किती केलीस, बिलं भरलीस का, कुणाला कपडे घालायला किंवा अंघोळीला मदत केलीस का, कुणाला बरं वाटावं म्हणून शेजारी बसून राहिलास का, धाकट्याला सांभाळलंस का. उत्तरं तीनच: कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा. दुसऱ्या प्रश्नावलीत वीस वाक्यं, या सगळ्याने मनावर काय होतं ते सांगणारी. त्यात ताण आणि एकटेपणा आहेच, पण आपण उपयोगी आहोत, घरच्यांशी आपलं जवळचं नातं आहे, हा अभिमानही मोजला जातो. आपलं 'करणं' हे क्रियापद उकललं तर आत काय काय निघतं, याची ही यादीच समजा.

मोजमाप हाताशी आलं तरी मोजणी सोपी झाली नाही. ब्रिटनच्या २००१ च्या जनगणनेत असं काम करणारी एक लाख पंचाहत्तर हजार मुलं निघाली. २०१० मध्ये बीबीसीने नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या मदतीने दहा शाळांतल्या ४,०२९ विद्यार्थ्यांना थेट विचारलं, तर आठ टक्के मुलं घरी कुणाचं तरी करत होती. त्यावरून देशाचा अंदाज निघाला सात लाख. २०१८ मध्ये पुन्हा विचारलं तेव्हा एकट्या इंग्लंडात हा अंदाज आठ लाखांच्या घरात गेला. आणि २०२३ मध्ये इंग्लंडच्या शाळांना प्रथमच अशा मुलांची नोंद विचारली गेली, तर सापडली जेमतेम ३९ हजार; दर पाचांतल्या जवळजवळ चार शाळांनी 'आमच्याकडे एकही नाही' असं कळवलं. आकड्यांत एवढी तफावत का? जनगणनेचा तक्ता आईबाप भरतात, प्रश्नावली मूल भरतं, शाळेचा तक्ता शिक्षक भरतात. आईबापांना लाज वाटते किंवा भीती वाटते, शिक्षकांना माहीतच नसतं. तिघांत घरातलं काम ज्याच्या अंगावर पडतं ते मूल सगळ्यांत मोठा आकडा देतं.

'यंग केअरर' ही कल्पना इंग्लंडबाहेर नेताना बेकर यांना नवी अडचण आली. भूगोलाच्या अभ्यासक रूथ एव्हन्स यांच्यासोबत त्यांनी २००९ मध्ये ब्रिटन आणि टांझानियातल्या, एचआयव्हीबाधित आईवडिलांचं करणाऱ्या मुलांवर पुस्तक लिहिलं. टांझानियात मुलाने घरात काम करणं हेच बालपण मानलं जातं. तिथे 'हरवलेलं बालपण' या चौकटीत काय बसवायचं? काम किती, त्याच्या बदल्यात काय सुटतं आणि आसपास मोठं माणूस कोण आहे, हे प्रश्न मात्र दोन्हीकडे लागू पडतात. २०१७ मध्ये अग्नेस लॉय यांच्यासोबत त्यांनी जगातल्या देशांची सात पायऱ्यांत मांडणी केली. सगळ्यांत वरची पायरी रिकामी ठेवली. ब्रिटन दुसऱ्या पायरीवर. आणि जगातले बहुतेक देश सातव्या पायरीवर, जिथे या मुलांना नावच नाही. त्यानंतर काही देश हलले. जपानमध्ये सैतामा प्रांताने २०२० मध्ये अध्यादेश काढला. पुढच्या वर्षी जाहीर झालेल्या पाहणीत आठवीच्या वर्गातलं दर सतरांमागे एक मूल घरी कुणाचं तरी करताना आढळलं. जपान्यांनी शब्द इंग्रजीतूनच उचलला आणि 'यांगु केआरा' म्हणून तो रूढ झाला.

आता आपल्याकडे बघू. सेवा करणाऱ्या मुलाचा आपला आदर्श श्रावणबाळ. आंधळ्या आईबापांना कावडीत घालून तो निघाला आणि पाणी आणायला गेला तेव्हा बाणाने गेला. आपण त्याची भक्ती सांगतो. मुलगा गेल्यावर त्या दोघांना पाणी कोण देणार होतं, हा प्रश्न कथेत आहे, पण तो आपण ऐकत नाही. महाराष्ट्र सरकारची निराधार वृद्धांसाठी निवृत्तिवेतन योजना आहे, तिचं नाव श्रावणबाळ. पैसे मिळतात पासष्ट वर्षांच्या म्हाताऱ्यांना, ते योग्यच आहे. पण नाव ज्याचं दिलं त्या मुलासाठी कुठला रकाना नाही. बालसंगोपन योजनेत दुर्धर आजार असलेल्या पालकांची मुलं बसतात, दरमहा अनुदानही मिळतं. तिथे ते मूल 'सांभाळायचं मूल' म्हणून मोजलं जातं. ते स्वतः कुणालातरी सांभाळतं, याची नोंद होत नाही. केंद्राने २०१९ मध्ये केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीत सहा वर्षांपासूनच्या मुलांचे तास विचारले होते. म्हणजे कच्चा माल आहे. त्यातून या मुलांकडे बघणारी नजर तयार व्हायची आहे.

बीड-अहिल्यानगरकडचं ऊसतोडीचं कुटुंब कारखान्याला निघतं तेव्हा कधी मोठी मुलगी आजीजवळ गावात ठेवतात. कागदावर आजी नातीला सांभाळते. घरात कोण कुणाचं करतं ते शेजारणीला विचारावं. फडावर गेलेली मुलगी कोपीत धाकट्याला घेऊन बसते. दोघींच्या शाळेत गैरहजेरीपुढे बहुधा एकच शेरा असतो: घरगुती कारण. गुरुजींचीही त्यात चूक नाही. त्यांच्याकडे दुसरा शब्द नाही.

बेकर यांचं काम वाचताना मला सारखं वाटत राहिलं की आपल्याला 'यंग केअरर'साठी जोडशब्द घडवायची घाई नको. 'बालशुश्रूषक' असं काहीतरी शासन-निर्णयात येईल आणि तिथेच राहील. आपल्याकडे क्रियापद आहे आणि ते पहिलीतल्या मुलालाही कळतं. अठरा प्रश्नांची यादी सावकाश भाषांतरित होईल. तोवर गैरहजर राहून आलेल्या पोराला वर्गाबाहेर व्हरांड्यात घेऊन एवढंच विचारता येईल: घरी कुणाचं करतोस का रे? आणि त्याने मान हलवली, तर 'गुणी आहेस हो' म्हणायच्या आधी दुसरा प्रश्न: मग तुझ्या मदतीला कोण असतं?