पिकअपला अधूनमधून ट्रेलर जोडताना मागील पाट्यांची निवड

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत बागायतदाराच्या दारात आता पिकअप गाडी सर्रास दिसते. कुकडीकाठच्या बोरी बुद्रुकसारख्या गावातून टोमॅटो नारायणगावला, कांदा ओतूर किंवा आळेफाट्याला याच गाडीतून जातो. वर्षातून आठ-दहा वेळा तिच्यामागे दोन चाकी छोटा ट्रेलरही जोडला जातो. त्यात कधी इंजिन व पाइप असतात, कधी फवारणीची टाकी. ट्रेलर जोडताच गाडी मागे बसते, पुढचे दिवे आभाळाकडे पाहू लागतात आणि मग मिस्त्री सल्ला देतो, "दोन पाटे वाढवून टाका." हा सल्ला ऐकण्यापूर्वी पुढील गोष्टी समजून घ्याव्यात.

गाडी मागे का बसते, ते आधी पाहू. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भाग त्याच्या दांडीतून गाडीच्या हुकावर यावा लागतो. म्हणजे ७०० किलोच्या भरलेल्या ट्रेलरचा हुकावरील भार ७० ते १०५ किलो. हा हुक मागील आसाच्याही मागे असल्याने तरफेसारखे काम होते. पुढील व मागील आसांत ३ मीटर अंतर असेल आणि हुक मागील आसापासून १.२ मीटर मागे असेल, तर हुकावरील ८० किलोमुळे मागील आसावर ११२ किलो भार वाढतो व पुढील आसावरचा ३२ किलो कमी होतो. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंगची पकड सुटते. गाडी बसू नये म्हणून काहीजण ट्रेलरमधील माल मागे सरकवतात. तसे मुळीच करू नये. दांडीवरचा भार फार कमी झाला की वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेतो आणि गाडीलाही ओढत नेतो. दांडीवरचा भार मोजणे अवघड नाही. ट्रेलर सपाट जागी हुकाच्या उंचीवर ठेवून, दांडीखाली ठोकळा व त्याखाली कांद्याच्या गोण्या तोलण्याचा काटा लावला की झाले.

आता मुख्य गोष्ट. पाटे वाढवल्याने गाडीची भार वाहण्याची मंजूर क्षमता वाढत नाही. आस, बेअरिंग, टायर, ब्रेक व चासी आहे तीच राहते. फक्त गाडी बसलेली दिसत नाही, आणि धोका नेमका तिथेच आहे. समजा, गाडीची क्षमता १५०० किलो आहे. २० किलोचे ७० क्रेट भरले तर टोमॅटोच १४०० किलो होतात. रिकाम्या क्रेटचे दीड किलो धरले तरी आणखी १०५ किलो. क्षमता इथेच संपली, ट्रेलरसाठी काही उरले नाही. अशा वेळी पाट्यांचा विचार न करता दोन फेऱ्या कराव्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे.

खात्रीसाठी वजनकाट्यावर जावे. ट्रेलर जोडूनच प्रथम फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत. नंतर मागचीही घ्यावीत, पण ट्रेलर काट्याबाहेर ठेवावा. दोन वजनांतील फरक हा मागील आसाचा भार होय. तो नोंदणी पुस्तकातील मर्यादेत असेल आणि तरीही गाडी बसत असेल, तरच पाट्यांचा प्रश्न उरतो.

त्यातही आधी जुने पाटे तपासावेत. मधला बोल्ट तुटणे, यू-बोल्ट ढिले होणे, बुश झिजणे किंवा पाट्याला बारीक तडा जाणे ही दुखणी फार आढळतात. पुष्कळ वेळा दुरुस्तीनेच काम भागते. तुटलेला पाटा वेल्डिंग करून वापरू नये. उष्णतेने पोलादाचा ताव जातो व तो पुन्हा त्याच जागी तुटतो.

कायमचा जादा पाटा घालणे हा स्वस्त उपाय आहे. सारख्या जाडीच्या पाच पाट्यांत सहावा घातला की ताठरपणा सुमारे २० टक्क्यांनी वाढतो. पण तो वर्षभर वाढतो! रिकामी किंवा अर्धी भरलेली गाडी कच्च्या रस्त्यावर उडते, पिकलेला टोमॅटो ठेचतो, द्राक्षाचे मणी गळतात. आठ-दहा खेपांसाठी वर्षभराच्या मालाचे नुकसान सोसणे आम्हांस शहाणपणाचे वाटत नाही. नेहमी पूर्ण भार वाहणाऱ्यानेच हा उपाय करावा.

अधूनमधून ट्रेलर ओढणाऱ्यास हेल्पर पाटे अधिक सोयीचे. ते मुख्य पाट्यांच्या वर बसतात व ठरावीक भार आल्यावरच टेकतात. साधारण अर्ध्या भारानंतर टेकतील एवढी फट ठेवावी. हवेच्या पिशव्या ट्रेलर जोडताना फुगवता व नंतर कमी करता येतात, हा त्यांचा मोठा गुण. मात्र दोन्ही बाजूंना स्वतंत्र नळी असावी. एकच नळी असल्यास वळणावर हवा एका पिशवीतून दुसरीत जाते व गाडी कलते. दगड-काट्यांच्या रस्त्यावर त्यांची निगाही जास्त लागते.

काही पिकअपमध्ये मागील आसाला जोडलेला, भारानुसार ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. पाट्यांमुळे मागची बाजू उचललेली राहिली की तो गाडी हलकी समजतो आणि मागील ब्रेकला दाब कमी देतो. माळशेज घाटात हे जिवावर बेतेल. म्हणून काम झाल्यावर हा व्हॉल्व्ह कंपनीच्या अधिकृत कारखान्यातूनच जुळवून घ्यावा. नोंदणीतील तपशील बदलेल असा फेरफार परिवहन कार्यालयाच्या मंजुरीशिवाय करू नये. ट्रेलरचीही स्वतंत्र नोंदणी लागते.

फवारणीची टाकी रिकामीच न्यावी व शेतावर भरावी. ५०० लिटर पाणी म्हणजे ५०० किलो भार, शिवाय अर्धी भरलेली टाकी हिंदकळते. नवीन पाटे बसवल्यावर पहिल्या भरलेल्या फेरीनंतर व पुन्हा आठवड्याने यू-बोल्ट आवळावेत, आणि रात्री निघण्यापूर्वी भरलेल्या गाडीचे दिवे भिंतीवर पाडून त्यांची उंची पाहावी.