दिलासा : रुग्णालयातला एक विभाग

वांद्रे पश्चिमेच्या के. बी. भाभा रुग्णालयात, जेथे ताप, खोकला, बाळंतपण आणि हातपाय मोडल्याच्या तक्रारी घेऊन आसपासच्या चाळी-झोपडपट्ट्यांतली माणसे सकाळपासून केसपेपरच्या खिडकीपाशी रांग धरतात, तेथेच २००० साली मुंबई महानगरपालिका आणि ‘सेहत’ ही आरोग्यविषयक संशोधन करणारी संस्था यांनी मिळून, घरात मार खाणाऱ्या स्त्रियांसाठी एक स्वतंत्र विभाग उभारण्याची तजवीज केली आणि त्यास ‘दिलासा’ हे नाव दिले. सरकारी रुग्णालयाचाच एक विभाग म्हणून चालणारे अशा प्रकारचे हे देशातले पहिले केंद्र होय.

त्यामागचा विचार साधा, परंतु विलक्षण व्यवहारी होता. पोलीस ठाण्याची पायरी चढणे म्हणजे सासर-माहेर दोन्हींशी वैर पत्करणे, असे जिच्या मनावर लहानपणापासून बिंबलेले असते, त्या स्त्रीसही दवाखान्यात जाण्यास कोणी आडकाठी करीत नाही. किंबहुना ज्याच्या हातून हाड मोडले तोच पुष्कळदा रिक्षा करून तिला घेऊन येतो. फिर्याद देण्याच्या कितीतरी आधी तिचे दुखणे डॉक्टरांपुढे येऊन गेलेले असते. प्रश्न एवढाच, की ते कोणी ओळखते काय?

ओळखण्याची ही विद्या शिकावी लागते. ‘मोरीत पाय घसरला’ असे सांगणाऱ्या बाईच्या कोपराखाली, वार अडविण्यासाठी हात वर धरल्यावर जेथे लागते नेमके तेथेच हाड मोडलेले असते. शेजारी हिरवट-पिवळे पडलेले, म्हणजे काही दिवसांपूर्वीचे, वळ असतात. आणि तिला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नवरा देतो. अशा वेळी जाणती परिचारिका त्यास औषधे आणण्याच्या निमित्ताने खाली पाठविते, पडदा ओढते आणि हळूच विचारते, “घरी कोणी मारतं का गं?” ढेकणांचे औषध ‘चुकून’ पोटात गेल्याची नोंद घेऊन आलेल्या तरुण सुनांची गोष्ट याहून गंभीर. पोटातले विष काढून, दोन दिवसांनी घरी सोडून रुग्णालयाने हात झटकले, तर ती पुन्हा त्याच बाटलीकडे वळण्याचा धोका कायम राहतो. म्हणून समुपदेशिका वॉर्डांतून फेरी घालतात आणि खाटेशी बसून बोलतात. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरावे, असे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ठरविल्यापासून या बोलण्यावरचे शिक्षेच्या भीतीचे सावट पुष्कळ कमी झाले आहे.

समुपदेशन या शब्दाखाली आपल्याकडे बहुधा ‘जरा सांभाळून घे’ असा उपदेश चालतो. दिलासामध्ये प्रथम सांगितले जाते ते हे, की मार खाण्यात तुझा दोष नाही. मग सुरक्षिततेचा विचार होतो: रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले, बँकेचे पासबुक कोणाकडे ठेवता येईल, रात्री-अपरात्री कोणत्या शेजारणीचे दार ठोठावता येईल, मारहाण सुरू होण्याची चिन्हे दिसताच कोठे उभे राहायचे नाही. घरी परतणे जिवावर बेतेल असे वाटल्यास देखरेखीच्या नावाखाली तिला एका रात्रीपुरते रुग्णालयातच ठेवून घेण्याची सोय आहे. आणि डॉक्टर केसपेपरवर ‘पडल्यामुळे’ असे मोघम न लिहिता, कोणी, कशाने, कोठे मारले हे तिच्या शब्दांत लिहितात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली पुढे अर्ज करावयाचा झाल्यास त्या चार ओळींचे वजन मोठे असते.

बलात्कारपीडितेच्या वाट्याला रुग्णालयात पूर्वी काय येत असे, हे आठवले तरी संताप होतो. पोलिसांचे पत्र आणल्याशिवाय तिला हात न लावण्याची रीत होती. वस्तुतः अशा पत्राविना तपासणी करण्यास डॉक्टर मुखत्यार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितले होते. त्यातच ती ‘सरावलेली’ आहे काय हे दोन बोटांनी पाहण्याची किळसवाणी पद्धत. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत ती बंद केली, तरी २०२२ साली न्यायालयास पुन्हा एकवार कठोर शब्द वापरावे लागले. फौजदारी कायद्यातील २०१३ च्या दुरुस्तीने सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयावर विनामूल्य उपचाराचे बंधन घातले. ‘सेहत’ने मुंबईतील रुग्णालयांत जी कार्यपद्धती रुजविली, तीत उपचार पुराव्याच्या आधी येतात: जखमांची मलमपट्टी, गर्भधारणा टाळणारी गोळी, एचआयव्हीप्रतिबंधक औषध बहात्तर तासांच्या आत; तपासणीच्या प्रत्येक टप्प्यास तिची संमती, आणि नकार दिला तरी उपचारात खंड नाही.

बाहेरून व्याख्याते आणण्याऐवजी पालिकेच्याच डॉक्टर-परिचारिकांतून प्रशिक्षक तयार केले, ही या उपक्रमातली मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट; अपघात विभागातल्या गर्दीची आणि पाळ्यांची अडचण त्यांना समजावून सांगावी लागत नाही. वांद्र्यानंतर कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयात दुसरे केंद्र निघाले, मग मुंबईतल्या इतर रुग्णालयांतही हा विभाग गेला. समुपदेशिकेचे पद मात्र सर्वत्र कायम आस्थापनेवर असावे, असे मी आग्रहाने म्हणेन. या केंद्रांत येणाऱ्या कित्येक स्त्रिया नाइलाजाने घरी परततात आणि वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा येतात. त्या वेळी समोर तीच ओळखीची बाई असावी आणि सारी कैफियत पहिल्यापासून सांगण्याची पाळी त्यांच्यावर येऊ नये.